वाचकांचे प्रश्न : बेसबॉलचा मोडका संघ पुन्हा उभा राहतो तो कसा?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलबद्दल वाचकांनी बरंच काही विचारलं आहे, पण बहुतेकांचं कुतूहल एकाच जागी अडलेलं दिसतं. चालता संघ मुद्दाम मोडायचा, नामांकित खेळाडू देऊन टाकायचे आणि शाळा-कॉलेजातल्या पोरांवर चार-पाच वर्षं पैसा ओतायचा, हा काय प्रकार आहे? नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की दर जुलैमध्ये ३० संघ आळीपाळीने हौशी खेळाडूंची निवड करतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. १९६५ मध्ये तो सुरू झाला आणि आता त्याच्या २० फेऱ्या असतात.

तळाच्या संघाला सगळ्यात आधी निवड करायला मिळते असं वाचलं. मग दोन-तीन वर्षं ठरवून हरत राहणं हाच शहाणपणा नाही का? (ठाणे)

काही वर्षांपूर्वी याचं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’ असंच द्यावं लागलं असतं. ह्यूस्टन ॲस्ट्रोजने १६२ सामन्यांच्या मोसमात २०११ ला १०६, २०१२ ला १०७ आणि २०१३ ला १११ सामने गमावले, आणि तिन्ही वेळा पुढच्या ड्राफ्टमधली पहिली निवड त्यांना मिळाली. २०१७ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकली. त्या विजेतेपदाला कॅमेऱ्यातून प्रतिस्पर्धी कॅचरच्या (कोणता चेंडू टाकायचा हे बॅटरमागून सांगणाऱ्याच्या) खुणा चोरल्याचा डाग आहे, तो भाग वेगळा. संघबांधणीची नक्कल मात्र सगळ्यांनी केली.

आता ते इतकं सोपं राहिलेलं नाही. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा निवडी सोडतीने ठरतात. बाद फेरी न गाठलेले १८ संघ सोडतीत असतात आणि तळाच्या तिघांना पहिल्या क्रमांकाची संधी प्रत्येकी १६.५ टक्केच असते. त्यामुळे पहिल्या निवडीच्या संधीपुरता सर्वांत वाईट संघ आणि तिसरा वाईट संघ यांत काही फरक उरला नाही. पहिल्याच सोडतीत वॉशिंग्टन नॅशनल्स तळाला असूनही पहिली निवड पिट्सबर्ग पायरेट्सला गेली. २०२४ ची पहिली निवड क्लीव्हलँडला मिळाली, तेव्हा त्यांची शक्यता जेमतेम २ टक्के होती.

शिवाय एक कलम आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. संघांमधल्या महसूल-वाटपात पैसे देणाऱ्या श्रीमंत संघाला सलग दुसऱ्या वर्षी सोडतीतली निवड मिळत नाही, पैसे घेणाऱ्या संघाला सलग तिसऱ्या वर्षी मिळत नाही, आणि बाहेर ठेवलेल्या संघाला दहाव्या क्रमांकाच्या वर जाता येत नाही. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने गमावले. आधुनिक काळात एका मोसमात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. तरी २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्यांची पाळी दहावी आली, कारण आदल्या वर्षी ते सोडतीतली निवड घेऊन बसले होते.

आणि पहिली निवड लाभली तरी त्याने भागतं का? पायरेट्सने २०२३ मध्ये त्या निवडीवर पॉल स्कीन्स हा पिचर (चेंडू टाकणारा) घेतला. ११ मे २०२४ ला तो मुख्य संघात आला, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. निवड म्हणून यात खोट काढायला जागा नाही. त्याच २०२५ मध्ये पायरेट्स ९१ सामने हरले. सुरुवातीचा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा चेंडू हातात घेतो. उरलेल्या चार दिवसांचं काय करायचं, हे ड्राफ्टचा पहिला क्रमांक सांगत नाही.

आयपीएलसारखा सरळ लिलाव का करत नाहीत? कोणत्या पोराला किती पैसे द्यायचे हे ठरतं तरी कसं? (पुणे)

लिलाव केला तर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस चांगली पोरं उचलून नेतील, म्हणून. पण बोली नसली तरी घासाघीस भरपूर असते, आणि हुशारी दाखवायची ती तिथेच.

पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीला लीगने एक रक्कम ठरवून दिलेली असते. एका संघाच्या अशा सगळ्या रकमांची बेरीज म्हणजे त्याचा त्या वर्षीचा गल्ला. हा गल्ला एकूण पाळायचा असतो, कुणाला किती द्यायचे हे संघाच्या मर्जीवर असतं. ५ टक्क्यांपर्यंत जास्त खर्च झाला तर जादा रकमेवर ७५ टक्के कर बसतो. त्यापुढे गेलात की पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड जाते, म्हणून त्यापुढे कुणी जात नाही. अकराव्या फेरीपासून पुढे दर खेळाडूला दीड लाख डॉलरपर्यंत दिलं तर ते गल्ल्यात धरत नाहीत. त्यावरचा पैसा धरतात.

ॲस्ट्रोजने २०१२ मध्ये याचा कसा वापर केला ते बघण्यासारखं आहे. पहिल्या निवडीची ठरलेली किंमत ७२ लाख डॉलर होती. त्यांनी पोर्तो रिकोचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) कार्लोस कोरेआ घेतला आणि त्याच्याशी ४८ लाखांत करार केला. पहिला क्रमांक मिळतोय म्हटल्यावर १७ वर्षांच्या पोराने तो मानला. वाचलेले २४ लाख खाली वळवले. लान्स मॅककलर्स हा शाळकरी पिचर जास्त पैसे मागतोय म्हणून बाकीच्यांनी सोडून दिला होता. त्याला ४१ व्या क्रमांकावर घेऊन २५ लाख दिले, म्हणजे त्या जागेच्या किमतीच्या जवळपास दुप्पट. चौथ्या फेरीत रिओ रुईझला साडेअठरा लाख. एका निवडीत वाचवलेल्या पैशांच्या जोरावर पहिल्या फेरीच्या तोडीचे तीन खेळाडू आले. कोरेआ आणि मॅककलर्स दोघेही २०१७ च्या विजेत्या संघात होते.

ही युक्ती उलटतेही. करार न झालेल्या खेळाडूच्या जागेची रक्कम गल्ल्यातून पूर्ण वजा होते. २०१४ मध्ये ॲस्ट्रोजने ब्रेडी एकेन या डावखुऱ्या शाळकरी पिचरशी ६५ लाखांवर बोलणी पक्की केली. वैद्यकीय तपासणीत कोपराच्या अस्थिबंधाबद्दल शंका आली, संघाने रक्कम खाली आणली आणि पोरगा निघून गेला. त्याच्याकडून वाचणाऱ्या पैशांतून जेकब निक्सला १५ लाख द्यायचे ठरले होते. पैसाच नाहीसा झाल्यामुळे तोही करार मोडला. म्हणजे एका एमआरआयपायी दोन पिचर हातचे गेले. एकेनच्या कोपरावर पुढच्याच मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, तो मेजर लीगपर्यंत कधी पोचला नाही. उलट भरपाई म्हणून ॲस्ट्रोजला २०१५ ची दुसरी निवड मिळाली, त्यावर त्यांनी ॲलेक्स ब्रेगमन घेतला आणि पुढची बरीच वर्षं ते निश्चिंत झाले. याला व्यवस्थापन म्हणायचं की नशीब, ते वाचकांनी ठरवावं. आता ड्राफ्टआधी तपासणी करून घेणाऱ्या वरच्या ३०० खेळाडूंना ठरलेल्या किमतीच्या किमान ७५ टक्के रक्कम देऊ करावी लागते, म्हणून असा तमाशा सहसा होत नाही.

ड्राफ्टमधली निवड दुसऱ्या संघाला देता येते का, बास्केटबॉलमध्ये देतात तशी? (सातारा)

नाही. अपवाद एकच. लहान बाजारपेठेच्या आणि कमी उत्पन्नाच्या संघांना पहिल्या आणि दुसऱ्या फेरीनंतर जादा निवडी मिळतात, तेवढ्याच देता-घेता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने मिलवॉकीकडून कॉर्बिन बर्न्स हा पिचर आणला, तेव्हा दोन खेळाडूंसोबत अशीच एक निवड दिली होती.

क्रिकेटमध्ये १८-१९ वर्षांचा मुलगा थेट भारतीय संघात येतो. बेसबॉलमध्ये पहिल्या क्रमांकाच्या पोरालाही तीन-चार वर्षं खालच्या लीगमध्ये का घासतात? तिथे नेमकं करतात काय? (नाशिक)

आम्हाला विचाराल तर संघ उभा राहतो किंवा बुडतो तो इथे. म्हणून थोडं सविस्तर.

आधी अडचण बघू. शाळा-कॉलेजात ॲल्युमिनियमची किंवा मिश्र धातू-तंतूंची बॅट चालते, व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडाचीच लागते. लाकडी बॅटचा खरा जोराचा भाग लहान असतो. ॲल्युमिनियमला मुठीजवळ लागलेला चेंडूही जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून जातो, लाकडाला लागला तर बॅटच मोडते. पिचर उभा असतो १८.४४ मीटरवर. ताशी १५३ किलोमीटरचा चेंडू बॅटरपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतात आणि मारायचा की सोडायचा हे त्याच्या निम्म्यात ठरवावं लागतं. शाळेत असे चेंडू टाकणारा महिन्यातून एखादा भेटतो, वरच्या पातळीवर रोज रात्री चार-चार भेटतात, आणि तेही तिरका वळणारा दुसरा चेंडू सोबत घेऊन.

शिडीच्या पायऱ्या अशा. डोमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग, फ्लोरिडा किंवा ॲरिझोनातल्या प्रशिक्षण संकुलातली लीग, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. वरच्या चार पातळ्यांवर प्रत्येक मेजर लीग संघाचा एकेक संलग्न संघ असतो, एकूण १२०. कॉलेजातून आलेला २१ वर्षांचा पोरगा दोन-तीन वर्षांत वर जातो, शाळेतून आलेला १८ चा चार-पाच घेतो. पगार आजही तुटपुंजाच आहे. २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारानंतर तो ट्रिपल-एमध्ये वर्षाला ३५,८०० डॉलर आणि संकुलातल्या लीगमध्ये १९,८०० डॉलर झाला. त्याआधी संकुलातल्या पोराला ४,८०० डॉलर मिळत. त्या पैशांत तो काय खात असेल आणि त्याचं वजन कसं वाढत असेल, याचा विचार करोडोंचा बोनस देणाऱ्या संघांनी कित्येक दशकं केला नव्हता.

पिचरवर काय काम होतं ते एका उदाहरणाने सांगतो. रडार आणि कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रं प्रत्येक चेंडूचा वेग, मिनिटाला किती फेरे, फिरण्याचा अक्ष आणि हवेत किती सरकला हे मोजतात. जोडीला सेकंदाला शेकडो चित्रं टिपणारा कॅमेरा बोटांवर रोखलेला असतो, चेंडू शेवटी कोणत्या बोटावरून सुटतो ते बघायला. पकड थोडी बदलायची, दहा-पंधरा चेंडू टाकायचे, आकडे बघायचे, पुन्हा बदलायची. नव्या वळणाच्या चेंडूची जुळणी अशी होते. पूर्वी यात अख्खा मोसम जाई, आता काही वेळा एका हिवाळ्यात जमतं.

पायरेट्सने २०११ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेरिट कोल घेतला होता. ते त्याच्याकडून सिंकर, म्हणजे खाली बसणारा वेगवान चेंडू, भरपूर टाकून घेत. पण एव्हाना बॅटर खालून वर बॅट फिरवायला लागले होते आणि खाली बसणारा चेंडू त्यांच्या बॅटच्या वाटेवरच येत होता. जानेवारी २०१८ मध्ये ॲस्ट्रोजने कोलला घेतलं, सिंकर जवळपास बंद केला आणि सरळ वेगवान चेंडू छातीच्या उंचीवर टाकायला लावला. उलट्या फिरकीमुळे तो अपेक्षेपेक्षा कमी पडतो आणि बॅट त्याच्या खालून जाते. २०१७ मध्ये २०३ डावांत (एका सामन्यात नऊ) १९६ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर, घेणाऱ्या कोलने २०१८ मध्ये जवळपास तेवढ्याच डावांत २७६ घेतले. पोरगा तोच, खांदाही तोच. ड्राफ्ट पायरेट्सने जिंकला आणि पिचर ॲस्ट्रोजला मिळाला. त्याआधी कॉलिन मॅकह्यू या कोलोरॅडोने सोडून दिलेल्या पिचरवर त्यांनी हाच प्रयोग केला होता. सिंकर कमी, कर्व्हबॉल जास्त. २०१४ मध्ये नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी २.७३ वर आली.

हे सगळं करताना बिघडतं कुठे?

कोपरात, सगळ्यात जास्त. वेग वाढवायला वजनदार चेंडू फेकायला लावतात आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकायला सांगतात. स्नायू वाढतो, कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध त्या प्रमाणात वाढत नाही. तो फाटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया, आणि पिचरला परतायला १२ ते १८ महिने. म्हणून खालच्या पातळीवर सुरुवातीच्या पिचरला आठवड्यातून एकदाच टाकू देतात, आधी दोन-तीन डाव, मग हळूहळू पाच, आणि एका वर्षात टाकलेले डाव पुढच्या वर्षी एकदम दुप्पट होऊ देत नाहीत. तरीही कोपरं जातात. एखादा संघ फक्त पिचर घेऊन संघबांधणी करतो म्हणाला तर समजावं की त्याने हे हिशेब मांडलेलेच नाहीत.

दुसरा बिघाड घाईचा. ओरिओल्सचा जॅक्सन हॉलिडे २०२२ ची पहिली निवड. एप्रिल २०२४ मध्ये २० व्या वर्षी वर आला. पहिल्या दहा सामन्यांत ३४ वेळा बॅटिंग करून त्याला दोन हिट मिळाले, १८ वेळा स्ट्राइकआउट झाला. दोन आठवड्यांत त्याला खाली धाडलं. ट्रिपल-एमध्ये तो धो धो मारत होता, पण तिथला पिचर कमकुवत जागा सापडली तरी पुन्हा पुन्हा तिथेच टाकू शकत नाही. वरचा टाकतो. म्हणून नुसत्या सरासरीवरून पोराला वर चढवू नये. स्ट्राइक झोनबाहेरच्या (बॅटरने मारायला हवा त्या पट्ट्याबाहेरच्या) किती चेंडूंच्या मागे तो धावतो, झोनमधल्या चेंडूवर किती वेळा बॅट हुकते आणि बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटतो हे तीन आकडे आधी बघावेत. पहिला वाईट असेल तर बाकीचे दोन कितीही चांगले असोत, थांबावं.

तिसरा, आपल्याच घरातलं न दिसणं. ॲस्ट्रोजच्या जे. डी. मार्टिनेझने २०१३ च्या हिवाळ्यात स्वतःच्या खर्चाने बॅट फिरवण्याची पद्धत मुळापासून बदलली. मार्च २०१४ मध्ये सराव सामन्यांत त्याला फक्त १८ वेळा बॅटिंग दिली आणि सोडून दिलं. डेट्रॉइटने घेतलं. त्या वर्षी त्याने .३१५ च्या सरासरीने (दर हजार संधींत ३१५ हिट) खेळत २३ होम रन मारले. जगातली सगळी यंत्रं हाताशी असलेल्या संघाने जुन्या आकड्यांवर विसंबून ही चूक केली.

आणि उलट बाजूला जेकब डीग्रॉम. स्टेट्सन विद्यापीठाचा शॉर्टस्टॉप, अखेरच्या वर्षी चेंडू टाकायला लागला, २०१० मध्ये नवव्या फेरीत मेट्सने घेतला. त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाली. मुख्य संघात पोचायला २०१४ उजाडलं. २०१८ आणि २०१९ चे साय यंग त्याचे. नवव्या फेरीतला, शस्त्रक्रिया झालेला पोरगा चार वर्षं सांभाळायला संयम लागतो, आणि कधी कधी तोच सगळं देऊन जातो.

पोरगा तयार असूनही त्याला मुद्दाम खाली ठेवतात म्हणे. खरं का? (नागपूर)

खरं, आणि ते कायद्यात बसवून करतात. मुख्य संघात १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. पहिली तीन वर्षं साधारण किमान पगार (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन लवादाने ठरणारा. पण मोसम १७२ पेक्षा दोनेक आठवडे मोठा असतो. पोराला सुरुवातीला तेवढे दिवस खाली ठेवलं की त्याचं वर्ष भरत नाही आणि संघाला त्याचा सातवा मोसमही मिळतो.

शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला वर आणलं. त्याचे दिवस भरले १७१. एक कमी. तो २०२० ऐवजी २०२१ नंतर मोकळा झाला. त्याने तक्रार केली, लवादाने फेटाळली.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारात यावर उतारा आहे. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिला किंवा दुसरा आलेल्याला दिवस कमी असले तरी पूर्ण वर्ष मिळतं. स्कीन्सला मेमध्ये येऊनही ते असंच मिळालं. शिवाय नामांकित नवोदिताला पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि त्याने मोठा पुरस्कार मिळवला तर संघाला पहिल्या फेरीनंतर एक जादा निवड बक्षीस मिळते. सिॲटलला हुलिओ रॉड्रिगेझमुळे आणि बाल्टिमोरला गनर हेंडरसनमुळे ती मिळाली. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, तेव्हा हे नियम तोवरचेच समजा.

याच प्रश्नाला लागून रूल फाइव्ह ड्राफ्टचं सांगितलं पाहिजे, कारण खाली दडवून ठेवण्याला मर्यादा घालणारा नियम तोच आहे. १८ व्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेल्या खेळाडूला पाच मोसमांनी आणि १९ किंवा त्यापुढे केलेल्याला चार मोसमांनी ४० जणांच्या यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरमध्ये दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्याला नेऊ शकतो. अट अशी की पुढचा सगळा मोसम त्याला २६ जणांच्या मुख्य संघात ठेवायचं. जमलं नाही तर मूळ संघाला ५० हजारांत परत देऊ करायचं. संघबांधणीच्या तळाच्या वर्षांत हा स्वस्त सौदा असतो, कारण हरायचंच आहे तर एक जागा अडकली म्हणून काही बिघडत नाही.

मोठे खेळाडू देऊन नवोदित घेतात. ते किती वेळा फळतं? (सोलापूर)

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी वेळा. ओरिओल्सने जुलै २०१८ मध्ये मॅनी माचाडो डॉजर्सला देऊन पाच खेळाडू घेतले. ज्याच्यासाठी सौदा झाला तो युस्निएल दियाझ काहीच करू शकला नाही. टिकला तो डीन क्रेमर. नॅशनल्सने ऑगस्ट २०२२ मध्ये हुआन सोटो देऊन ॲब्रम्स, गोर, वुड असे खरोखर चांगले खेळाडू घेतले, तरी २०२५ मध्ये ते ९६ सामने हरले आणि महाव्यवस्थापक व व्यवस्थापक (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) दोघांनाही मोसमाच्या मध्यावर जावं लागलं. व्हाइट सॉक्सने डिसेंबर २०१६ मध्ये ख्रिस सेल दिला, २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून गट जिंकला, आणि तीन वर्षांत ते १२१ पराभव. पहिली फळी उभी राहिली, दुसरी खालून आलीच नाही.

सर्वांत फळलेले सौदे बिनबोभाट झालेले असतात. कब्जने २०१२ मध्ये रायन डेम्पस्टर देऊन काइल हेंड्रिक्स घेतला आणि २०१३ मध्ये स्कॉट फेल्डमन देऊन जेक अरिएटा. दिलेले दोघेही करार संपत आलेले पिचर. घेतलेले दोघेही २०१६ च्या विजेत्या संघात, १९०८ नंतरच्या पहिल्या. पण दर वेळी अशा नशिबावर विसंबू नये; विकायचा खेळाडू करार संपायला दीड-दोन वर्षं असताना विका. शेवटच्या जुलैपर्यंत थांबलात तर समोरचा तुमची गरज ओळखून भाव पाडतो.

ओरिओल्सने सगळं पुस्तकाप्रमाणे केलं, २०२३ मध्ये १०१ सामने जिंकले. मग २०२५ मध्ये तळाला कसे गेले? (पणजी)

त्यांनी फळ्याची एकच बाजू लिहिली. २०१९ ते २०२४ या सहा ड्राफ्टमध्ये त्यांची पहिली निवड दर वेळी बॅटर होती: रचमन, कर्स्टॅड, काउझर, हॉलिडे, ब्रॅडफील्ड, हनीकट. विचार पटण्यासारखा आहे. बॅटर कमी मोडतात, त्यांचा अंदाज जास्त बरोबर येतो. पिचर नंतर विकत घ्यायचे, असा बेत. पण विकत घेण्याची वेळ आली तेव्हा हात आखडला. बर्न्स २०२४ नंतर ॲरिझोनाकडे सहा वर्षांच्या २१ कोटी डॉलरच्या करारावर गेला. त्याच्या जागी एकेक वर्षाच्या करारावर चार्ली मॉर्टन आणि जपानचा टोमोयुकी सुगानो आले, एक ४१ चा, दुसरा ३५ चा. ग्रेसन रॉड्रिगेझ अख्खा मोसम जायबंदी, काइल ब्रॅडिश कोपराच्या शस्त्रक्रियेतून ऑगस्टमध्ये परतला. मे महिन्यात व्यवस्थापक ब्रँडन हाइड यांना काढलं. ७५ विजय, ८७ पराभव. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी पीट अलॉन्सोला पाच वर्षांसाठी १५ कोटी ५० लाखांना घेतलं, तोही बॅटरच!

भारतातून कुणी या वाटेने गेलं आहे का? (कोल्हापूर)

ड्राफ्टने नाही. ड्राफ्ट अमेरिका, कॅनडा, पोर्तो रिकोपुरता आहे. बाकीचे देश आंतरराष्ट्रीय करारात येतात, तिथे १६ व्या वर्षी सही करता येते आणि दर संघाला खर्चाची पक्की मर्यादा असते. डोमिनिकन आणि व्हेनेझुएलाची पोरं याच दाराने येतात. होसे अल्तुवेला ॲस्ट्रोजने १५ हजार डॉलरमध्ये घेतलं होतं, फ्रँबर वाल्देझला १० हजारांत. उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून पुढे आले आणि २००८ मध्ये पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. पटेल २०१० मध्ये परतला. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला, मग दुखापतींनी गाठलं आणि तो कुस्तीच्या रिंगणात गेला.

मुलगा १५ वर्षांचा आहे, शाळेच्या संघात पिचर आहे, शनिवार-रविवार क्लबकडूनही टाकतो. प्रशिक्षक ड्राफ्टची भाषा करतात. आम्ही काय बघायचं? (एडिसन, न्यू जर्सी)

दोन संघ, हीच पहिली काळजी. मेजर लीगच्याच ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक सूचनांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. ३१ ते ४५ टाकले तर एक दिवस विश्रांती, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, त्यावर चार. शाळेचा प्रशिक्षक शाळेचे मोजतो आणि क्लबचा क्लबचे. बेरीज कुणीच करत नाही, ती तुम्ही करा. वही ठेवा, तारीख आणि आकडा लिहा, आणि दोघांनाही दाखवा. ज्या दिवशी टाकलं त्या दिवशी कॅचर म्हणून उभं राहू देऊ नका. वर्षातले चार महिने चेंडूफेक बंद, त्यातले दोन-तीन सलग. हिवाळ्यात बंदिस्त जागेत वेग वाढवण्याचे वर्ग असतात, ते नेमके याच महिन्यांवर घाला घालतात.

ड्राफ्टचं म्हणाल तर नागरिकत्व बघत नाहीत, तिथे शाळा किंवा वास्तव्य आहे का ते बघतात. बारावी झाल्यावर एकदा पात्र होतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेला तर तिसरं वर्ष संपल्यावर किंवा २१ पूर्ण झाल्यावर पुन्हा. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून दर वर्षी. कॉलेजची जागा हातात असणं हेच बोलणीतलं वजन, म्हणून ती ड्राफ्टच्या आधी पक्की करा. शाळेनंतर लगेच सही करायची वेळ आली तर नंतरच्या कॉलेज शिक्षणाचा खर्च करारात लिहून घेता येतो. रक्कम, सत्रांची संख्या आणि खेळ सोडल्यावर किती दिवसांत प्रवेश घ्यायचा ही मुदत, तिन्ही लेखी हवीत. आणि प्रशिक्षक वेगाचा आकडा सांगत असतील तर गेल्या मोसमात त्याने एकूण किती चेंडू टाकले तेही विचारा. तो आकडा त्यांच्याकडे नसेल तर वहीचं काम आजच सुरू करा.